काकीच्या गाडीवरून शाळेला

जावेचा हेवा मला पूर्वीही वाटायचा. तिच्या हातच्या तांबड्या रश्श्याचा, तिच्या दाट वेणीचा, सासूबाई होत्या तेव्हा त्या तिला ज्या लाडानं हाक मारायच्या त्या हाकेचाही. पण ते हेवे किरकोळ होते. चार दिवस जळफळाट व्हायचा आणि मग विरून जायचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर जो वाटायला लागला तो विरला नाही. माझी मुलगी तिच्यामागं गाडीवर बसून शाळेला गेली, माझ्यामागं बसून गेली नाही. गोष्ट एवढीच आहे, पण ती मला अजून नीट गिळता आलेली नाही.

मी शिक्षिका आहे. एकवीस वर्षं मराठी शिकवते. आमच्या शाळेत माझी ख्याती काय, तर शाळा बुडवणारी मुलं घरून उठवून आणण्याची. मी कुणाच्या वीटभट्टीवर गेले आहे, कुणाच्या ऊसतोडीच्या खोपटात गेले आहे, कुणाच्या बापाला चार लोकांत झापलं आहे. आमचे शिपाईमामा म्हणायचे, "बाई घरात शिरल्या की पोरगं वर्गात आलंच म्हणून समजा." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि संध्याकाळी नवऱ्याला जसंच्या तसं सांगायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दरवर्षी सातवीला शिकवत होते. अर्थ कळायला स्वतःची मुलगी नववीत जावी लागली.

आमचं घर कळंब्याला. दोघा भावांचं एकच घर, मध्ये भिंत, दोन चुली, मागचं अंगण आणि गोठा सामाईक. नवरा सरकारी कचेरीत, दीर ट्रॅक्टरवर. मी पेठेतली, शिक्षकाच्या घरातली. जाऊ मुरगूडची. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. तिच्या तीन म्हशी आहेत आणि गाडीला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून ती गावात दुधाचा रतीब घालते. बोलणं असं, की आपण शेजारी उभे असलो तरी तळ्याच्या पलीकडच्या माणसाला सांगितल्यासारखं. माहेरची माणसं यायची असली की मी तिला हळूच म्हणायचे, "आवाज जरा कमी." ती म्हणायची, "व्हय की आक्का," आणि तेही ओरडूनच.

मुलगी माझ्याच शाळेत होती. शिक्षकांच्या मुलांना एक शिस्त असते, ती आम्हीच लावलेली असते. घरी आई, शाळेच्या फाटकातून आत पाऊल पडलं की बाई. ती पाचवीत आली तेव्हा दोनदा चुकून "आई" म्हणाली, वर्ग हसला, आणि पुन्हा कधी चुकली नाही. मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तिच्या पोटात दुखलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नवाच्या सुमाराला ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून बसली. डॉक्टर झाले, रक्त झालं, सोनोग्राफी झाली. सगळं छान. अंबाबाईची ओटी भरून झाली. रविवारी दुपारपर्यंत मुलगी हसायची, खायची. चारच्या पुढं तिचं बोलणं कमी व्हायचं आणि सोमवारी सकाळी तळहात बर्फासारखे. मी समजूत घातली, आमिष दाखवलं, ओरडले, एकदा हात उगारला. एका बुधवारी तिचा दंड धरून तिला दारापर्यंत ओढत नेलं तेव्हा ती खाली बसली आणि तिनं माझे पाय धरले. "नको पाठवू गं. पाया पडते तुझ्या." माझ्या पहिल्या तासाला उशीर होत होता. मी पाय सोडवून घेतले आणि गेले.

रस्त्यात मला सगळीकडं शाळेला जाणारी पोरं दिसत होती. कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं सायकली मारत, एकमेकांच्या दप्तरांना ओढत चाललेली. ह्यांना जमतं. ज्यांच्या आईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यांना जमतं. जावेची धाकटी पोरगी पहिलीत होती, रिक्षा दिसली की उड्या मारत जायची. मला त्या एवढ्याशा पोरीचाही राग यायला लागला होता.

त्याच आठवड्यात मी एक काम केलं. मुलीच्या वर्गशिक्षिका माझ्या मैत्रीण. त्यांना म्हटलं, "मागची हजेरी भरून टाका, पुढची लावत चला. पोरीच्या कागदावर डाग नको, आणि स्टाफरूममध्ये चर्चा नको." त्या जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "बरं." नववीच्या हजेरीपत्रकात माझ्या मुलीच्या नावापुढं रोज निळी खूण पडू लागली. ती घरी पांघरुणात असायची आणि कागदावर हजर असायची. मी ते आईचं कर्तव्य समजून केलं. खरं सांगायचं तर ते मी माझ्या ख्यातीसाठी केलं.

शेवटी गावातल्या एका समुपदेशक बाईंकडं गेलो. चाळीस मिनिटं मीच बोलत होते. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बाईंनी मला हातानं थांबवलं आणि तिला विचारलं, "घरात सगळ्यात कमी घाबरणारं माणूस कोण गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं.

"काकी," मुलगी म्हणाली.

"मग काकींनाच घेऊन या पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे भरून, रजा काढून, मी माझ्या मुलीला इथं आणायचं, आणि बोलावणं कुणाला, तर म्हशीवालीला.

पुढच्या खेपेला जाऊ आली ती मीच दिलेली साडी नेसून. खुर्चीच्या कडेला बसून तिनं सगळं ऐकून घेतलं. बाईंनी सांगितलं ते साधंच होतं. पोरीची भीती खोटी नाही आणि ती आळशी नाही. घरी राहिली की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. एकदम ढकलायचं नाही, घरी मुरूही द्यायचं नाही. रोज थोडं पुढं. पोटात ढवळलं तर जिथं आहोत तिथंच थांबायचं, ढवळणं उतरेपर्यंत, आणि मगच परतायचं. आणि सोबत जायचं काकींनी.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचा चेहरा ती वाचते," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओरडता तेव्हा घाबरते, पण गप्प बसता तेव्हा जास्त घाबरते. तुम्ही थोडे दिवस लांब राहा. फाटकापाशी थांबू नका."

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. कार्डशीटवर तक्ता केला. गणवेश, रस्ता, फाटक, वाचनालय, एक तास, पूर्ण वर्ग, अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढं चांदणी चिकटवायला चौकोन. सुंदर झाला होता. दिवाणखान्यात लावला. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात, गव्हाणीत सापडला. म्हशीनं वाचनालयापर्यंत खाल्ला होता. तिथं कुणी टाकला ते मी विचारलं नाही.

जावेनं तक्ता केला नाही. आमच्या शाळेसमोर एक चहाची टपरी आहे, तिथं ती साडेदहाला दूध घालायची. सोमवारी मी शाळेला निघता निघता ती आमच्या दारात येऊन ओरडली, "चल गं, टपरीला दूध घालाया. किटली धराया कोणतर पायजे."

"शाळेला नाही ना?" मुलीनं आतून विचारलं.

"शाळंचं कोण नाव काढलंय? तेवढा युनिफॉर्म घाल. तसाबी आज धुवायलाच टाकायचा हाय."

आणि ती गेली! तोंडाला स्कार्फ, डोळ्यांपर्यंत गच्च बांधलेला, पण गणवेश घालून, किटली मांडीवर धरून गेली. मी तोवर शाळेत पोचले होते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मला टपरी दिसते. पाचवीला शुद्धलेखन घालून मी खिडकीपाशी उभी राहिले. फाटकापाशी थांबू नका म्हणाल्या होत्या, खिडकीचं काही म्हणाल्या नव्हत्या.

जाऊ तिच्या हातात माप देत होती. दूध किटलीतून मापात, मापातून टपरीवाल्याच्या पातेल्यात. दहा मिनिटांत परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी छोट्या सुट्टीची घंटा झाली, पोरांचा लोंढा फाटकाकडं आला आणि मुलगी एकदम खाली बसली, टपरीच्या बाकड्याला धरून. माझा हात खिडकीच्या गजावर होता. मला वाटलं आता धावत जावं. जाऊ काय करतेय ते बघत होते. ती काहीच करत नव्हती. शेजारी बसली होती, पदरानं वारा घेत, कुणाची वाट बघत बसल्यासारखी. बऱ्याच वेळानं मुलगी उठली, माप घेतलं आणि राहिलेलं दूध घातलं. मगच त्या गेल्या.

संध्याकाळी मी अंगणात कपडे काढायला गेले तेव्हा गोठ्यातलं बोलणं ऐकू आलं. जाऊ धार काढत होती. ताज्या दुधाला फेस असतो, किटली भरलेली दिसते पण असते अर्धीच. ती मुलीला म्हणत होती, "फेस बसल्याबिगर माप घेयाचं न्हाय. तुज्या पोटात येतंय न्हवं, त्यो बी फेसच. वाटतंय लई. बसू दे, मग बघ किती हाय."

एकवीस वर्षं मी भाषा शिकवते. मला एवढं एक वाक्य सुचलं नाही. मी कपडे तसेच टाकून आत आले.

स्कार्फ हळूहळू खाली आला. आधी नाकाखाली, मग हनुवटीखाली, मग गळ्यात. एक दिवस मुलगी टपरीवर हसताना दिसली. मान मागं टाकून, दात दाखवून. शाळेच्या वाटेवर किती महिन्यांनी मी ते दात बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी जे झालं ते असं, की माझ्या हातातला खडू मोडला. हे हसणं माझं होतं. नऊ महिने पोटात वागवलं मी, कांजिण्यांत रात्री जागले मी, आणि हसायचं हिच्याजवळ.

पुढं मागच्या फाटकानं वाचनालयात अर्धा तास. जाऊ बाहेर शिपाईमामांच्या स्टुलावर बसून राहायची, त्यांच्याशी गप्पा मारत. अख्ख्या शाळेला ऐकू जायच्या. मग चित्रकलेचा एक तास. सहकारी मला म्हणायच्या, "बाई, कमाल आहे हां तुमच्या जाऊबाईंची." मी हसायचे. माझे गाल दुखायचे.

एके संध्याकाळी दूध आणायला म्हणून मी गोठ्याशी गेले आणि दारातच थांबले. मुलगी बोलत होती. "काकी, शाळेत मला आई नसती. नुसती बाई असती. आणि सगळ्या पोरी माझ्याकडं बघून गप्प होतात, मी चुगली करीन म्हणून. गगनबावड्याच्या सहलीत बसमध्ये मला उलटी झाली ना, तेव्हा ती जवळ आली. मला वाटलं पाठीवर हात फिरवंल. ती म्हणाली, सगळ्यांसमोर शोभा करू नकोस."

मला ते आठवतही नव्हतं. दोन बस, नव्वद मुली, घाटातलं धुकं, माझ्या हातात यादी. म्हटलं असेन. नक्कीच म्हटलं असेन, ते माझंच वाक्य आहे.

ऐकलेलं मी मनातच ठेवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेलेली बघून मी जावेला गाठलं. तिला काही बोलायचं कारण नव्हतं, म्हणून जे तोंडात आलं ते बोलले. "तिच्याकडून घरातलं काढून घेत जाऊ नकोस. म्हशी वळवणं निराळं आणि पोरगी वळवणं निराळं."

तिनं शेणाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. "व्हय की आक्का," ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात. "म्हस लाथ मारून तरी सांगती. पोरगी न्हाय सांगत."

मग तो सोमवार आला. त्या दिवशी मुलगी पहिल्या तासाला, हजेरीच्या वेळी, आपल्या वर्गात बसणार होती. तिनंच ठरवलं होतं. काकी वर्गाच्या दारापर्यंत येणार आणि मधल्या सुट्टीपर्यंत स्टुलावर बसणार. रविवारी तिनं स्वतः गणवेशाला इस्त्री केली. मला विचारलं नाही की कॉलर नीट आहे का.

सोमवारी सकाळी जावेची म्हैस व्यायला झाली. रेडकू पोटात आडवं आलं होतं, दीर आणि जाऊ दोघंही गोठ्यात, डॉक्टरांना फोन गेलेला. जाऊ आतूनच ओरडली, "अर्धा तास थांब गं, आलेच! न्हाईतर उद्या जाऊ, काय बिघडत न्हाय!"

मला त्या म्हशीचे उपकार वाटले. मी घाईनं मुलीला म्हटलं, "मी नेते ना. शेवटची तर पायरी आहे. चल."

ती माझ्याकडं बघत राहिली. "काकी येईल," ती म्हणाली.

"आणि मी कोण?" मी म्हटलं. त्यातला सूर तिला कळला असणार. ती माझ्या गाडीवर बसली.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा घंटेला अर्धा तास होता. ती माझ्या बरोबर स्टाफरूममध्ये आली, हात गार होते पण चालत होती. मला इतका अभिमान वाटला की मी फुगलेच. तिला काहीतरी द्यावंसं वाटलं, जे तिच्या काकीला आयुष्यात देता आलं नसतं. टेबलावर नववीचं हजेरीपत्रक होतं. मी ते उघडलं.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं काहीच नुकसान झालेलं नाही. एकही दिवस बुडालेला नाही. मी सगळं सांभाळलंय."

ती वाकून बघू लागली. आपल्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवत गेली. निळं, निळं, निळं. मी तिच्या चेहऱ्यावर सुटका शोधत होते. तिचं बोट एका बुधवारवर थांबलं.

"ह्या दिवशी मी तुझे पाय धरले होते," ती म्हणाली. "इथं हजर आहे."

"अगं, ते तुझ्याच भल्यासाठी..."

"म्हणजे मी नव्हते, हे कुणाला कळलंच नाही?" ती ओरडली नाही. "मग आता येऊन काय करू? मी तर इथंच आहे."

तिनं पान मिटलं, दप्तर उचललं आणि ती चालायला लागली. मी मागं गेले. फाटकाबाहेर जाऊ नुकतीच पोचत होती, घरच्या मळक्या साडीत, हात कोपरापर्यंत कसेतरी पुसलेले. मुलगी तिच्यामागं गाडीवर बसली. जावेनं माझ्याकडं बघितलं आणि गाडी वळवली. घंटा झाली. मी पाचवीच्या वर्गात गेले आणि शिकवलं. काय शिकवलं ते देवाला माहीत.

नऊ दिवस मुलगी खोलीबाहेर आली नाही. टपरी बंद, वाचनालय बंद. जावेनं हाक मारली तर "नको काकी" एवढंच. नवरा म्हणाला, "अगं, कशाला दाखवलंस ते?" ह्याचं उत्तर माझ्याकडं होतं पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

जाऊ मात्र आठव्या दिवशी सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आक्का, लहान तोंडी मोठा घास हाय. पर तुमी पोरीला न्हाय, हजेरीला शाळंत धाडत हुतासा. पोरगी हितं मरणाची झुंजत हुती आणि तितं तिला कोण शोधतच नव्हतं."

मी म्हटलं, "तुझी म्हैस त्या दिवशी व्याली नसती तर..." आणि थांबले. तिला सगळं ठाऊक होतं. मी का घाई केली, कुणावर मात करायला केली, सगळं. कदाचित ती साडी नेसून समुपदेशक बाईंकडं आली त्या दिवसापासूनच ठाऊक होतं. तिनं नुसतं माझ्या ओट्यावरचं उतू जाणारं दूध उतरवलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. वर्गशिक्षिकांचा दोष नाही, गळ मी घातली होती, हेही लिहून दिलं. बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिल्या. ज्या बाईचं उदाहरण नव्या शिक्षकांना द्यायचं, तीच समोर अर्ज घेऊन उभी. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाईलला लागली. एकवीस वर्षांतला पहिला डाग. मग हजेरीपत्रक काढलं गेलं आणि एकेक निळी खूण खोडून तिथं लाल शाईनं गैरहजर झालं, प्रत्येक ठिकाणी सही. वाचनालयाचे आणि चित्रकलेचे दिवससुद्धा लाल झाले, कारण हजेरीला ती वर्गात नव्हती. मी शिरताच स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम चहा प्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी मी मुलीच्या खोलीच्या दारात बसले. आत जायचं धाडस नव्हतं. म्हटलं, "सगळे दिवस लाल केले."

आत पांघरूण सळसळलं. मग, "सगळे?"

"सगळे."

"तो बुधवार?"

"तो पण. त्याची सही मी समोर उभी राहून करून घेतली." मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "तू पाय धरलेस आणि मी निघून गेले. मला तासाला उशीर होत होता. आणि बसमध्ये तुझ्या पाठीवर हात फिरवायला हवा होता. चुकलं माझं."

पलंग कुरकुरला. ती कुशीवर वळली असावी. मी वाट बघत होते. मला वाटत होतं ती आता उठेल, माझ्यापाशी येईल, आई म्हणेल. एवढं सगळं केल्यावर एवढं तर मिळावं.

ती म्हणाली, "रेडकू उभं राहिलं का?"

"राहिलं."

"काकी टपरीला साडेदहालाच जाते ना अजून?"

अर्ज मी दिला, डाग मी घेतला, आणि विचारणा काकीची. नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. पण ह्या वेळी मी एवढंच म्हणाले, "साडेदहालाच. मी सांगून येते तिला." आणि स्वतः उठून भिंतीपलीकडं गेले. जावेच्या दारात उभी राहून म्हटलं, "उद्या ती येतेय किटली धरायला. मी लवकर जाईन, वाटेत दिसणार नाही." जाऊ पीठ मळत होती. "व्हय की आक्का," ती ओरडली. मला तो आवाज त्या दिवशी मोठा वाटला नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. स्कार्फ डोळ्यांपर्यंत, मग नाकाखाली, मग हनुवटीखाली. ह्या वेळी मी पाचवीच्या वर्गातलं माझं टेबल खिडकीपासून हलवून दुसऱ्या भिंतीला लावलं. बघायचं नाही. महिनाभर मी टपरीकडं पाठ करून शिकवलं, आणि रोज साडेदहाला माझी मान दुखायची.

मग एका मंगळवारी शिपाईमामा माझ्या वर्गाच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पोरगी वर्गात बसलीया. जाऊबाई स्टुलावर हायत." त्यांनी बोटानं शेजारच्या वर्गाकडं खूण केली. त्या आठवड्यात नववीच्या खोलीची रंगरंगोटी चालली होती, म्हणून नववी माझ्या शेजारच्या खोलीत बसत होती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक जुना लाकडी दरवाजा आहे, कायम बंद असतो, खाली चांगली चार बोटं फट आहे.

मी पाचवीला कविता पाठ करायला दिली, मनातल्या मनात. आणि त्या दरवाजापाशी जाऊन उभी राहिले. पलीकडं हजेरी सुरू होती. एकेक नाव, एकेक "हजर बाई." माझ्या मुलीचं नाव आडनावामुळं बरंच खाली येतं. त्या नावापाशी वर्गशिक्षिका थांबल्या. मी दरवाजाच्या फळीला कान लावला.

"हजर!"

मोठ्यानं. इतकं मोठ्यानं की माझ्या पाचवीतल्या दोन पोरी दचकल्या. काकीचा आवाज, अगदी तोच, तळ्यापलीकडच्या माणसाला सांगितल्यासारखा. मला रडू आलं, आणि रडतानाही मनात आलं, बघा, आवाजसुद्धा तिचा घेतला.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा मुलगी गोठ्यात होती. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. कुठल्या बाकावर बसली, शेजारी कोण होती, दुसऱ्या तासाला पोटात फेस आला आणि कसा बसला. जाऊ मध्येमध्ये "आगं बया!" म्हणत होती. मी चहा टाकला. तो उकळून उकळून काळा झाला. मला वाटलं, चला, आपल्या वाट्याला आता उरलेलं येणार, शिळं.

मुलगी आत आली. दप्तर ठेवलं. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू दाराच्या मागं होतीस."

मी तो काळा चहा कपात ओतला.

"फटीतून तुझ्या चपला दिसत होत्या."

"माफ कर," मी म्हटलं. "समुपदेशक बाई थांबू नका म्हणाल्या होत्या, मला ठाऊक आहे. पुन्हा नाही करणार."

तिनं माझ्या हातातला काळा चहा घेतला, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि कप परत दिला. "म्हणून तर मोठ्यानं म्हटलं," ती म्हणाली. "तुला ऐकू जावं म्हणून."

ती दहावीही पास झाली. अजून कधीकधी सोमवारी तिचे हात गार पडतात आणि तेव्हा ती माझ्याकडं येत नाही, भिंतीपलीकडं जाते. पास झाल्याचे पेढे जावेनं स्वतःच्या दुधाच्या खव्याचे केले आणि गल्लीभर वाटले, जणू पोरगी तिचीच. मी वाटू दिले. दाराच्या फटीतून दिसलेल्या चपलांची गोष्ट मात्र मी जावेला सांगितलेली नाही. तिच्याकडं माझ्या मुलीचं बाकी सगळं आहे. एवढं एक माझ्यापाशी राहू दे.